ऊर्जास्रोत आणि वीजनिर्मिती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऊर्जा आणि शक्ती यांत फरक काय? विजेच्या बिलावरील 'युनिट' हे यांपैकी कशाचे माप आहे?

ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता. ती ज्यूलमध्ये मोजतात. ही ऊर्जा किती वेगाने पुरवली किंवा वापरली जाते हे शक्ती सांगते. शक्तीचे एकक वॅट असून एका सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॅट. युनिट हे ऊर्जेचे माप आहे : एक किलोवॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट, म्हणजेच एक किलोवॅट-तास किंवा ३६ लाख ज्यूल ऊर्जा खर्च होते. मेगावॅट ही प्रकल्पाची क्षमता असते आणि युनिट ही त्यातून मिळालेली वीज. बातम्यांमध्ये या दोहोंची सर्रास सरमिसळ होते, आणि ऊर्जेविषयीचे बरेचसे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

ऊर्जा निर्माण करता येत नाही असे शाळेत शिकवतात. मग वीजकेंद्रात नेमके काय होते?

तिथे ऊर्जेचे एका रूपातून दुसऱ्या रूपात रूपांतर होते. कोळशातील रासायनिक ऊर्जेची उष्णता होते, उष्णतेची गतिज ऊर्जा आणि गतिज ऊर्जेची वीज. एकूण ऊर्जा कायम राहते, हा ऊष्मागतिकीचा पहिला नियम. मात्र प्रत्येक रूपांतरात ऊर्जेचा काही भाग कमी तापमानाच्या उष्णतेत बदलून आसमंतात पसरतो आणि त्याचा पुन्हा उपयोग करणे जवळजवळ अशक्य होते, हे दुसऱ्या नियमाचे सांगणे आहे. कोमट पाण्याच्या मोठ्या तलावात साठलेली उष्णता बॉयलरमधील वाफेपेक्षा कितीतरी जास्त असू शकते, पण तिच्यावर टर्बाइन, म्हणजे वीजकेंद्रातले पात्यांचे चक्र, फिरत नाही. पर्यावरणाच्या अभ्यासात ऊर्जेच्या परिमाणाइतकेच तिच्या दर्जालाही महत्त्व का असते, ते यावरून लक्षात यावे. कोणत्याही स्रोताचा विचार करताना ही ऊर्जा मुळात कुठून आली, वाटेत तिच्यातील किती गमावली आणि वापरानंतर मागे काय उरले, हे पाहिल्याशिवाय त्याला चांगले किंवा वाईट ठरवू नये.

प्राथमिक आणि दुय्यम ऊर्जा म्हणजे काय?

निसर्गात जशी सापडते तशी ऊर्जा ती प्राथमिक : कोळसा, कच्चे खनिज तेल, नैसर्गिक वायू, युरेनियम, सूर्यप्रकाश, वारा, वाहते पाणी. त्यावर प्रक्रिया करून मिळालेली ती दुय्यम : वीज, पेट्रोल, डिझेल, हायड्रोजन. वीज वापराच्या ठिकाणी धूर सोडत नाही, म्हणून तिला सरसकट 'स्वच्छ' म्हणण्याची सवय आहे. प्रत्यक्षात वीज तितकीच स्वच्छ, जितका तिच्यामागचा प्राथमिक स्रोत.

सर्व ऊर्जा अखेर सूर्यापासूनच येते, हे खरे आहे का?

बहुतांशी खरे आहे. वारा हा पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या असमान तापण्यातून वाहतो, नद्यांचे पाणी बाष्पीभवनामुळे उंचावर पोहोचते, लाकूड हे प्रकाशसंश्लेषणाचे फळ आहे, आणि कोळसा व तेल म्हणजे प्राचीन जीवांनी साठवलेला सूर्यप्रकाशच. अपवाद तीन : अणुऊर्जा, पृथ्वीच्या पोटातील उष्णता आणि भरती-ओहोटी.

कोळशापासून वीज कशी तयार होते?

कोळसा प्रथम चक्क्यांमध्ये दळून टाल्कम पावडरीइतका बारीक करतात, कारण ढेकळापेक्षा पूड लवकर आणि पूर्ण जळते. ही पूड गरम हवेच्या झोताबरोबर भट्टीत फुंकली जाते. भट्टीच्या भिंती म्हणजे एकमेकींना चिकटून उभ्या केलेल्या पोलादी नळ्यांच्या रांगा असतात आणि त्यांतून पाणी खेळत असते. त्या पाण्याची वाफ होते. ती आणखी तापवून साधारण ५४० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात आणि प्रचंड दाबाखाली टर्बाइनच्या पात्यांवर सोडतात. टर्बाइनच्याच दांड्यावर जनित्राचे, म्हणजे जनरेटरचे, विद्युतचुंबक बसवलेले असते. ते तांब्याच्या वेटोळ्यांमध्ये फिरले की वेटोळ्यांत वीजप्रवाह निर्माण होतो. मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर हे सारे चालते. जिथे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे तिथे असा वाफेचा टर्बाइन सहसा मिनिटाला बरोबर ३,००० फेरे घेतो.

टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड करून तिचे पुन्हा पाणी करतात आणि तेच पाणी बॉयलरकडे परत पाठवतात. केंद्राच्या आवारात जे अवाढव्य, मध्ये निमुळते झालेले मनोरे दिसतात, ते बहुतेकांना धुराडी वाटतात. ते शीतक मनोरे आहेत आणि त्यांतून वर जाणारे ढग मुख्यतः बाष्प थंड होऊन झालेल्या पाण्याच्या सूक्ष्म थेंबांचे असतात. धुराडे वेगळे, उंच आणि सडसडीत असते, आणि चिंता करावी असे जे काही हवेत जाते ते बरेचसे तिथून जाते, अनेकदा डोळ्यांना न दिसता.

औष्णिक केंद्रात निम्म्याहून अधिक उष्णता वाया का जाते? हा यंत्रांचा दोष आहे का?

काही अंशी यंत्रांचा, पण मोठा वाटा निसर्गनियमाचा आहे. उष्णतेपासून गती मिळवणाऱ्या कोणत्याही यंत्राची कमाल कार्यक्षमता ही वाफेचे तापमान आणि ती जिथे थंड होते तिथले तापमान यांवर ठरते, हे फ्रेंच अभियंते सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये मांडले. वाफ ५४० अंशांची आणि कंडेन्सर ४० अंशांचा धरला, तर निर्दोष यंत्रालाही ६२ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. घर्षण, गळती, धुराड्यावाटे जाणारी उष्णता आणि केंद्राचा स्वतःचा वीजवापर वजा जाता जुन्या केंद्रांत ३३ ते ३८ टक्के हाती लागतात. अधिक दाबावर व तापमानावर चालणाऱ्या आधुनिक केंद्रांत ४५ टक्क्यांच्या आसपास. नैसर्गिक वायूवरील संयुक्त चक्राच्या केंद्रांत वायू टर्बाइनच्या गरम उत्सर्गावर पुन्हा वाफ तयार करतात, त्यामुळे ती ६० टक्क्यांपर्यंत पोहोचतात. थंड प्रदेशांतील काही केंद्रे ही उरलेली उष्णता घरे तापवण्यासाठी नळांवाटे पुरवतात, आणि वाया जाणाऱ्या उष्णतेचा याहून शहाणा उपयोग क्वचितच सापडेल.

एक युनिट विजेसाठी किती कोळसा जळतो आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो?

हे गणित प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावे. समजा, एका किलो कोळशातून २४ मेगाज्यूल उष्णता मिळते. ती ६.६७ युनिटांइतकी होते. केंद्राची कार्यक्षमता ३६ टक्के असेल तर त्यातून २.४ युनिट वीज मिळेल, म्हणजे एका युनिटमागे सुमारे ४२० ग्रॅम कोळसा. कोळशात ६० टक्के कार्बन धरला तर २५० ग्रॅम कार्बन जळला. कार्बनच्या १२ भारांना ऑक्सिजनचे ३२ भार जोडले जाऊन ४४ भार कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणून २५० ग्रॅमचे होतात सुमारे ९२० ग्रॅम. जाळलेल्या कोळशाच्या दुपटीहून अधिक वजनाचा वायू बाहेर पडतो हे ऐकून अनेकांना हिशेब चुकल्यासारखे वाटते. वाढलेले वजन हवेतील ऑक्सिजनचे असते.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ पासून अखंड मोजमाप चालू आहे आणि आता हे प्रमाण ४२० भागांच्या पुढे गेले आहे. याखेरीज कोळशातील गंधकापासून सल्फर डायऑक्साइड, भट्टीच्या उच्च तापमानामुळे नायट्रोजनची ऑक्साइडे, फुप्फुसांत खोलवर जाणारे सूक्ष्म कण, थोडासा पारा आणि ढिगांनी राख तयार होते. राख व कण रोखण्यासाठी स्थिरविद्युत अवक्षेपक (विद्युतभाराने कण ओढून घेणारी उपकरणे) आणि गंधकासाठी चुनखडीची पूड मिसळलेल्या पाण्याचे फवारे वापरतात. ही उपकरणे काम करतात. ती बसवणे आणि चालू ठेवणे हा तंत्रज्ञानापेक्षा नियमपालनाचा प्रश्न आहे.

जीवाश्म इंधने आजही तयार होत असतील, तर त्यांना संपणारी का म्हणायचे?

कारण तयार होण्याचा आणि जाळण्याचा वेग यांची तुलनाच होऊ शकत नाही. पृथ्वीवरील कोळशाचा मोठा भाग सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या कार्बनी कालखंडातील दलदलींमध्ये गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा आहे. तेल व वायू प्रामुख्याने सागरतळाशी साचलेल्या सूक्ष्म जीवांपासून झाले. इतक्या काळात साठलेले आपण काही शतकांत जाळत आहोत, आणि जगाच्या प्राथमिक ऊर्जेपैकी सुमारे ८० टक्के अजूनही यातूनच येते. तरीही 'साठा कधी संपेल' या प्रश्नापेक्षा 'त्यातील किती जाळणे हवामानाला झेपेल' हा प्रश्न आता अधिक निकडीचा आहे, असे माझे मत आहे. साठा संपण्याच्या कितीतरी आधी ती मर्यादा येते.

नैसर्गिक वायू कोळशापेक्षा खरोखर स्वच्छ आहे का?

जळताना निश्चितच. मिथेनमध्ये कार्बनच्या मानाने हायड्रोजन अधिक असतो, त्यामुळे त्याच विजेमागे जवळपास निम्माच कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि राख तर नसतेच. अडचण जळण्याआधीची आहे. विहिरी व वाहिन्यांतून न जळता निसटलेला मिथेन वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापमानवाढ घडवतो. गळती काही टक्क्यांपर्यंत जरी गेली तरी वायूचा फायदा झपाट्याने आटतो.

अणुऊर्जा नवीकरणीय आहे का, आणि ती सुरक्षित आहे का?

नवीकरणीय नाही, युरेनियम हे खनिज आहे. मात्र ती कमी कार्बनची ऊर्जा आहे, आणि हे दोन गुण वेगळे आहेत. युरेनियम-२३५ च्या अणुकेंद्रकावर न्यूट्रॉन आदळला की केंद्रक दुभंगते, उष्णता आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि साखळी अभिक्रिया चालू राहते. नैसर्गिक युरेनियममध्ये हे समस्थानिक जेमतेम ०.७ टक्के असते, म्हणून बहुतेक अणुभट्ट्यांसाठी ते ३ ते ५ टक्क्यांपर्यंत समृद्ध करतात. एक किलो युरेनियम-२३५ चे पूर्ण विखंडन झाले तर तीन हजार टनांहून अधिक कोळशाइतकी उष्णता मिळते. पुढचा प्रवास ओळखीचा आहे : पाणी, वाफ, टर्बाइन, जनित्र.

सुरक्षिततेबद्दल दोन्ही बाजूंनी टोकाची विधाने होतात. चेर्नोबिल (१९८६) आणि फुकुशिमा (२०११) येथे जे घडले ते भयंकर होते आणि त्यामुळे मोठे भूभाग रिकामे करावे लागले. दुसरीकडे, कोळशाच्या धुरामुळे होणारे मृत्यू शांतपणे, विखुरलेले आणि दररोज होतात, म्हणून ते बातमी होत नाहीत. निर्माण होणाऱ्या युनिटमागे मृत्यू मोजले तर अणुऊर्जा कोळशाहून कितीतरी सुरक्षित ठरते. वापरलेल्या इंधनाचा प्रश्न खरा आहे : त्यातील सीझियम-१३७ चा अर्धायुकाल (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) ३० वर्षे, तर प्लुटोनियम-२३९ चा सुमारे २४,००० वर्षे. फिनलंडमध्ये ओल्किलुओटो बेटावर ४०० मीटरहून खोल कठीण खडकात अशा इंधनासाठी कायमस्वरूपी भांडार बांधण्यात आले आहे.

जलविद्युतीसाठी एवढी मोठी धरणे का लागतात?

कारण पाण्यातील स्थितिज ऊर्जा आपल्याला वाटते त्यापेक्षा फारच कमी असते. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी शंभर मीटर उंचीवरून पडले, तरी त्यातून जेमतेम पाव युनिट वीज मिळते. म्हणून एकतर उंची हवी, नाहीतर पाण्याचा मोठा लोंढा. जलटर्बाइनची कार्यक्षमता मात्र ९० टक्क्यांच्या घरात असते आणि ते मिनिटांत चालू-बंद करता येतात, हा त्यांचा सर्वात मोलाचा गुण. चीनमधील थ्री गॉर्जेस हा २२,५०० मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प जगात सर्वात मोठा आहे.

इंधन लागत नाही म्हणून किंमत मोजावी लागत नाही, असे मात्र नाही. गावे आणि जंगले बुडतात, मासळीचे स्थलांतर तुटते, गाळ खाली न पोहोचल्याने नदीमुखाचे प्रदेश खचतात, आणि उष्ण प्रदेशातील जलाशयांत बुडालेल्या वनस्पती कुजून मिथेन सुटतो. विस्थापितांच्या वाट्याला आलेले नुकसान कोणत्याही युनिटच्या दरात धरले जात नाही, ही या विषयातील सर्वात अन्यायाची बाब आहे.

पवनचक्क्या इतक्या उंच आणि लांब पात्यांच्या का असतात?

वाऱ्यातून मिळणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते : वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट. उंचावर वारा अधिक जोराचा आणि सलग असतो. पात्याची लांबी दुप्पट केली की व्यापलेले क्षेत्रफळ चौपट होते. असे असले तरी वाऱ्यातील सगळी ऊर्जा काढून घेता येत नाही, कारण मग हवा पात्यांमागेच थबकेल; अल्बर्ट बेट्झ यांच्या गणितानुसार कमाल मर्यादा ५९.३ टक्के आहे. पक्षी आणि वटवाघळे पात्यांना धडकतात हे खरे असून, स्थलांतराचे मार्ग टाळून जागा निवडणे हा त्यावरचा सर्वात परिणामकारक उपाय आहे.

सौर पॅनेल उन्हाळ्यात सर्वाधिक वीज देते का?

पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. सिलिकॉनच्या एका थरात फॉस्फरस आणि दुसऱ्यात बोरॉन यांचे अत्यल्प अंश मिसळलेले असतात, त्यामुळे दोन थरांच्या सीमेवर विद्युतक्षेत्र तयार होते. प्रकाशकणाने मोकळा केलेला इलेक्ट्रॉन या क्षेत्रामुळे एका दिशेला ढकलला जातो आणि प्रवाह सुरू होतो. पॅनेल तापले की व्होल्टेज घसरते. पॅनेलवर छापलेली शक्ती ही दर चौरस मीटरला १,००० वॅट प्रकाश आणि पेशींचे तापमान २५ अंश, या प्रयोगशाळेतील स्थितीची असते. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट धरावी. भर दुपारी पॅनेल ६५ अंशांना पोहोचले तर १२ ते १६ टक्के शक्ती केवळ तापल्यामुळे जाते. म्हणूनच स्वच्छ आकाशाचा थंड, वाऱ्याचा दिवस पॅनेलला अधिक मानवतो, आणि पॅनेलखालून हवा खेळती राहील अशी मांडणी करतात. धूळ आणि सावलीचेही असेच : ओळीतील एका पॅनेलवर पडलेली सावली सगळ्या ओळीचे उत्पादन खाली आणू शकते.

१९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेने तयार केलेल्या पहिल्या व्यवहार्य सिलिकॉन पेशीची कार्यक्षमता ६ टक्के होती. आज बाजारातील पॅनेल २० ते २३ टक्क्यांपर्यंत आहेत, आणि केवळ सिलिकॉनच्या पेशीची सैद्धांतिक मर्यादा ३० टक्क्यांच्या आसपास आहे.

१०० मेगावॅटचा सौर प्रकल्प आणि १०० मेगावॅटचे अणुकेंद्र सारखीच वीज देतात का?

नाही. स्थापित क्षमता ही कमाल शक्ती असते. वर्षभरात प्रत्यक्ष मिळालेली वीज आणि अखंड पूर्ण क्षमतेने चालल्यास मिळाली असती ती वीज यांच्या गुणोत्तराला क्षमता उपयोग गुणांक म्हणतात. वर्षाचे ८,७६० तास धरले तर २० टक्के गुणांकाचा १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प सुमारे १७.५ कोटी युनिट देईल, आणि ९० टक्के गुणांकाचे तेवढ्याच क्षमतेचे अणुकेंद्र सुमारे ७८.८ कोटी. हा सौर ऊर्जेचा दोष नव्हे. रात्र असते, एवढाच त्याचा अर्थ. पण क्षमतेचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून निष्कर्ष काढणारा कोणताही तक्ता सावधपणे वाचावा.

ऊन किंवा वारा नसताना काय करायचे?

वीजजाळ्यात क्षणोक्षणी पुरवठा आणि मागणी जुळावी लागते, अन्यथा वारंवारता ढळते. त्यासाठी दूरदूरचे प्रदेश एकमेकांना जोडणे, मागणी दिवसाच्या वेळांकडे वळवणे आणि साठवण, असे उपाय एकत्र लागतात. साठवणीत जुना व भरवशाचा प्रकार म्हणजे उदंचन : जास्तीच्या विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडायचे. त्यात ७० ते ८० टक्के वीज परत मिळते. लिथियम-आयन बॅटऱ्या ८५ टक्क्यांहून अधिक परत देतात, पण सहसा काही तासांपुरत्या. आठवडेच्या आठवडे ढगाळ राहणाऱ्या ऋतूसाठी त्या आज पुरेशा नाहीत.

हायड्रोजन हे भविष्यातील इंधन आहे, मग तो स्रोतांच्या यादीत का नसतो?

कारण हायड्रोजन ऊर्जा वाहून नेतो. आज वापरातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू व कोळशापासून काढतात. वायूपासून एक किलो हायड्रोजन मिळवताना ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पाण्याच्या विद्युत अपघटनाने तो मिळवायचा तर किलोमागे ५० ते ५५ युनिट वीज लागते आणि त्या किलोत साठते सुमारे ३३ युनिट. पोलाद आणि खते यांसारख्या उद्योगांत, जिथे थेट वीज पुरी पडत नाही, तिथे तो वापरणे सयुक्तिक आहे.

लाकूड आणि शेतातील काडीकचरा जाळणे कार्बन-तटस्थ असते का?

जाळलेल्या वनस्पतीइतकीच नवी वनस्पती पुन्हा वाढली तरच, आणि तीही किती काळात वाढते यावर सारे अवलंबून असते. धुराचा प्रश्न तरीही उरतोच : घरगुती चुलींच्या धुराने होणाऱ्या प्रदूषणामुळे २०२० मध्ये सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. शेण व ओला कचरा हवाबंद टाकीत कुजवून मिळणारा बायोगॅस याहून सरस आहे, कारण त्यातील मिथेन स्वच्छ जळतो आणि उरलेली मळी खत म्हणून शेतात जाते.

भूऔष्णिक आणि भरती-ओहोटीची ऊर्जा एवढी कमी का वापरली जाते?

जागेची मर्यादा हेच कारण. इटलीतील लार्देरेल्लो येथे १९०४ मध्ये भूगर्भातील वाफेवर दिवे पेटवण्यात आले, आणि आइसलंडमध्ये घरे याच उष्णतेवर तापतात. पण उथळ खोलीवर एवढी उष्णता ज्वालामुखी पट्ट्यांतच सहज मिळते. भरतीसाठीही मोठा चढउतार आणि सोयीची खाडी लागते. फ्रान्समधील ला रान्स येथील २४० मेगावॅटचे केंद्र १९६६ पासून चालू आहे.

मग सर्वात कमी कार्बन कोणत्या स्रोताचा?

खाणीपासून बांधकामापर्यंत आणि मोडीपर्यंतचे सगळे उत्सर्जन धरून आंतरसरकारी हवामान बदल मंडळाने २०१४ मध्ये मध्यक आकडे दिले होते. कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात एका युनिटमागे कोळसा ८२० ग्रॅम (वरचा ९२० ग्रॅमचा हिशेब कमी कार्यक्षमतेच्या केंद्राचा होता), वायू ४९०, मोठे सौर प्रकल्प ४८, जलविद्युत २४, अणुऊर्जा १२ आणि जमिनीवरील पवनऊर्जा ११. शून्य कोणाच्याच नावावर नाही, कारण काच, पोलाद आणि काँक्रीट बनवायलाही ऊर्जा लागते. पण ८२० आणि १२ यांना 'दोघेही प्रदूषण करतात' म्हणून एका रांगेत बसवणे अप्रामाणिक आहे.

ऊर्जा वाचवल्याने खरोखर फरक पडतो का?

वापराच्या टोकाला केलेली बचत मागे जाताना वाढत जाते, म्हणून पडतो. कोळशातील उष्णतेचे १०० भाग घेतले तर वीज होते ३६ भाग आणि वहनातील गळतीनंतर दिव्यापर्यंत पोहोचतात सुमारे ३३. तारेचा जुना बल्ब त्यातील ५ टक्क्यांचाच प्रकाश करतो, म्हणजे हाती आला जेमतेम दीड भाग. एलईडी दिवा सुमारे ३० टक्क्यांचा प्रकाश करतो, म्हणजे दहा भाग. खाण, केंद्र आणि तारा त्याच राहिल्या. बदलला फक्त दिवा. पंखे व पंप फिरवणाऱ्या विजेच्या मोटरींचे गणितही असेच लक्षवेधी आहे. पंख्याला किंवा पाणी फिरते ठेवणाऱ्या अभिसरण पंपाला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, त्यामुळे झडप अर्धवट बंद करून प्रवाह अडवण्याऐवजी वेगनियंत्रक बसवून वेग २० टक्क्यांनी कमी केला, तर लागणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते.